काकूंचे चार तास

टॅक्सच्या मोसमात लायब्ररीच्या तळघरातल्या आमच्या टेबलाशी किस्से साचतात, कपडे वाळवायच्या ड्रायरच्या जाळीत कापूस साचतो तसे. वेळेवर काढले नाहीत तर एक दिवस आग लागते. म्हणून सांगतेय. शाळा-कॉलेज साताऱ्यात करून मी अमेरिकेत, पार्सिपनीला आई-बाबांकडे परत आले आणि आता दर शनिवारी इथे लोकांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देते. घरी जाताना डोकं तापलेलं असतं.

*

मोहनकाका आणि सुनीताकाकू समोर बसले होते. मी काकूंना विचारलं, "तुम्ही नोकरी करता?"

"नाही," काका म्हणाले.

"करते," काकू म्हणाल्या.

"अगं, ती काय नोकरी? हॉस्पिटलच्या किचनमध्ये रोज चार तास. तिचा हातखर्च आहे तो."

"घरातला किराणा त्याच हातखर्चातून येतो," काकू मला म्हणाल्या.

*

आता घोळ ऐका. काकांची कंपनीतली नोकरी गेली, तेव्हापासून ते घरून कॉन्ट्रॅक्टवर काम करतात. त्यामुळे हेल्थ इन्शुरन्स स्वतः विकत घ्यावा लागतो. त्याच्या हप्त्याचा मोठा वाटा टॅक्स क्रेडिट म्हणून सरकार उचलतं, तोही आधीच, घरच्या अंदाजे कमाईवर. वर्षअखेरीस कमाई जास्त निघाली, की क्रेडिट परत करा.

काकूंनी काम सुरू केलं, ते काकांनी कळवलंच नव्हतं. हातखर्च कोण कळवतो?

स्क्रीनवर परत करायची रक्कम बघून काकांचा चेहरा उतरला. त्यांना दोन स्टेंट घातलेत. इन्शुरन्सशिवाय एक महिना काढण्याचीही सोय नाही.

काकूंचा पगार कमाई म्हणून पहिल्यांदा कोणी मोजला, तर सरकारने. आणि तोही वसुलीसाठी!

*

आमच्या टेबलाचे सर्वेसर्वा देसाईकाका, निवृत्त इंजिनीअर. "सिंपल आहे," ते म्हणाले. "वहिनींनी काम सोडायचं. क्रेडिट वाचेल."

मी म्हटलं, "मोहनकाकांनी तेवढंच काम कमी केलं तरी वाचेल. दोघांचा डॉलर सारखाच आहे."

"बाळ, तू अजून लहान आहेस. जरा प्रॅक्टिकल बोल."

मोहनकाकांनी मान डोलावली. काकूंना कोणी काही विचारलं नाही.

*

त्याच दिवशी एक तरुण आई आली. नवरा-बायको दोघंही कमावत असतील तरच डे-केअरच्या खर्चावर क्रेडिट मिळतं. तिने पार्ट-टाइम सुरू केल्यावर ते मिळू लागलं, पण खर्चाच्या मानाने अगदीच थोडं.

"बाकीचं डे-केअर माझ्या पगारातून जातं," ती म्हणाली. "मग नवरा म्हणतो, तू फुकटच राबतेस यार."

"तुमच्याच पगारातून का? मूल काय तुमचं एकटीचं आहे?" मी विचारलं.

"हे त्याला विचाराल? पार्किंगमध्ये थांबलाय."

*

पुढच्या शनिवारी काकू एकट्या आल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

"हे रोज म्हणतायत, सोड. तुला वाटतं, सोडावं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला तिथे नावाने हाक मारतात गं," त्या म्हणाल्या. मग पर्स टेबलावर ठेवून, "आणि समजा, मी तास वाढवून घेतले तर?"

आम्ही दोघींनी मिळून शोधलं. फुल-टाइम झालं की हॉस्पिटलचाच इन्शुरन्स, नवऱ्यासकट. मग सरकारच्या क्रेडिटवाचून अडणार नव्हतं.

काकूंनी स्क्रीन स्वतःकडे वळवली. "म्हणजे मी काम करते म्हणून नाही. कमी करते म्हणून नडलंय."

"काकांना सांगणार?"

"आधी जागा मिळू दे."

*

गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाने रविवारी व्याख्यान ठेवलं, 'गृहिणींनी पार्ट-टाइम काम करावं का?' स्टेजवर चार वक्ते, चारही पुरुष. देसाईकाकांनी स्लाइड्स दाखवल्या. मग मोहनकाका अनुभव सांगायला उठले.

"मी सुनीताला नीट समजावलं. तिलाही पटलं. परवाच सुपरवायझरशी बोलून आली. विषय संपला."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मी हात वर केला. "काकूंनाच विचारू या ना. कुठे आहेत त्या?"

काकांनी पहिली रांग पाहिली, मग दुसरी. तिसऱ्या रांगेतून त्यांची मुलगी फोनवरची नजर न काढता म्हणाली, "शी इज ॲट वर्क, बाबा. फुल-टाइम."