मार्थामावशीने उभं राहून सांगितलं

मेलबर्नला निघाले त्या दुपारी भुईगावच्या आमच्या अंगणात गाडी उभी होती आणि आई अजूनही डब्यांत काहीबाही कोंबत होती. ‘उपाशी राहू नकोस,’ एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. तिची धाकटी बहीण मार्थामावशी बाजूला उभी होती. मूलबाळ नाही, तरुणपणीच मधुमेह जडलेला. गावात तिची कीवच केली जाई.

तिथे नोकरी, भाड्याची खोली, थंडी, सगळं अंगवळणी पडलं. पाळी मात्र महिनोन्‌महिने येईना. ‘लग्न झालं की होईल नीट,’ असं आई पूर्वीपासून म्हणायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारा अंडाशयाचा विकार, सांगितला आणि रक्तातली साखरही तपासायला लावली. ती वाढलेली निघाली. शरीर इन्सुलिन बनवतं, पण त्याला नीट दाद देत नाही, असं त्या म्हणाल्या. मी तर अंगाने काडी! साखर म्हणजे जाड्या, म्हाताऱ्या माणसांचा आजार असंच मी समजत होते.

फोनवर आई रडली. कुणाला सांगू नकोस, तुझं लग्न व्हायचंय, म्हणाली. शेजारी बसलेल्या मावशीने फोन घेतला.

“माझंही असंच होतं गं. मला नुसतं वांझ म्हणाले. तपासलं कुणी नाही.”

ती तिच्या डॉक्टरांना विचारून आली. तुमचंही तेच असणार, असं ते म्हणाले. मग एका रविवारी, चर्चमधली मिस्सा संपल्यावर, बायकांच्या सभेत ती उभी राहिली. चुकलेल्या पाळ्या, टोमणे, साखर, सगळं सांगितलं. मुलींची पाळी चुकत असेल तर साखरही तपासा, म्हणाली. तेव्हा आई उठली.

“माझ्या मुलीलाही आहे.”

माझ्यासाठी आलेलं एक स्थळ त्यानंतर फिरकलं नाही. आईने त्याचं कधी दुःख केलं नाही.

यंदा नाताळला गावी गेले. औषध आणि चालण्याने माझी साखर उतरली आहे. आईने भात कमी, मासे आणि वाडीतली भाजी जास्त वाढली. सकाळी मावशी गावातल्या मुलींना घेऊन किनाऱ्यावर चालायला निघाली, तिच्यामागे मीही. परतताना शेजारची एक मुलगी, वडील बाजूला उभे असताना, मावशीला पाळीबद्दल विचारू लागली. वडिलांनी तोंड फिरवलं नाही. डॉक्टर कधी भेटतात, एवढंच विचारलं.

मी निघाले तेव्हा या गावात हे कुणी कुजबुजतही नव्हतं. आता घर म्हटलं की मला ती दोघी बहिणींची सभा दिसते, जिला मी हजर नव्हते.