साडूभाऊंचे स्पॅनिश

आमच्या साडूंना या जगातली एखादी गोष्ट येत नाही असे ठामपणे म्हणायची सोय नाही, कारण पुढच्या भेटीपर्यंत त्यांना ती येऊ लागलेली असते. ते माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. अकोल्यात त्यांचे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे दुकान आहे. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावतात; लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो खिशातून डोकावत असतो. त्यांच्या लेखी वस्तू दोनच प्रकारच्या, उघडलेल्या आणि अजून न उघडलेल्या. एकदा आमच्याकडे अमरावतीला आले असताना चहा होईपर्यंत त्यांनी भिंतीवरचे घड्याळ खोलून सतरंजीवर मांडले. ते चांगले चालू होते, असे मी जरा तुटकपणेच म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "चालू होतं म्हणून तं खोललं, सर. बंद पडल्यावर काय समजते?" घड्याळ पुन्हा लागले आणि आधीपेक्षा बरे चालू लागले, हे मला अधिक लागले. त्याआधी भजनी मंडळाची पेटी त्यांच्याकडे दुरुस्तीला आली होती. ती दुरुस्त करता करता ते वाजवायलाच शिकले. मी चार वर्षे शिकवणी लावून जिथे अडकलो होतो, तिथून ते एका पावसाळ्यात पुढे निघून गेले.

तरीही एक प्रांत माझा होता. मी बत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. व्याकरण ही माझी जहागीर, आणि तिथे टेस्टरचे काही काम नाही, अशी माझी समजूत होती.

माझी मुलगी स्पेनमध्ये असते. जावई तिथलाच. त्यांची मीरा सहा वर्षांची. तिला मराठी थोडे समजते, पण बोलते ती स्पॅनिशच. दर रविवारी चार वाजता व्हिडिओ कॉल व्हायचा. मी "कशी आहेस, बाळ?" म्हणायचो, ती हात हलवून खेळायला पळायची आणि आम्ही दोघे रिकाम्या सोफ्याकडे बघत बसायचो. शेवटी मी ठरवले की आपणच तिची भाषा शिकायची. व्याकरणाचे जाडजूड पुस्तक मागवले, दोनशे पानी वही घातली, आणि अकोल्याला जेवायला गेलो असताना हा बेत सगळ्यांसमोर जाहीर करण्याचा मूर्खपणा केला. साडूंनी ठेचा-भाकरीचा घास थांबवून विचारले, "अवघड राह्यते का?" मी म्हणालो, फार. तिथेच माझे चुकले.

सरळ चालणारी क्रियापदे मी पंधरा दिवसांत संपवली. मग वर्तमानकाळातली ती दुसरी जात आली, जिच्यात प्रत्यय तर बदलतोच, पण धातूच्या पोटातला स्वरही बदलतो. 'केरेर' म्हणजे हवे असणे. पण 'मला हवे' म्हणताना 'किएरो' आणि 'आम्हाला हवे' म्हणताना पुन्हा 'केरेमोस'. 'पोदेर' म्हणजे शकणे. मी शकतो ते 'पुएदो', आम्ही शकतो ते 'पोदेमोस'. मी तक्ते केले, रंगीत पेन्सिली वापरल्या. पण तोंड उघडले की नेमका नको तो स्वर बाहेर यायचा.

साडूंनी पुस्तक घेतलेच नाही. त्यांनी माझ्या मुलीकडून तिची सोयीची वेळ विचारून घेतली आणि दुकानातून सरळ मीरेशीच बोलायला सुरुवात केली. चुकले की ती हसायची, हसली की हे दुरुस्त करायचे. जुळलेले रूप ते खडूने दुकानाच्या शटरवर आतल्या बाजूने लिहायचे, देवनागरीत. मोटार न्यायला आलेल्या पातूरच्या शेतकऱ्यांना त्यांनी 'मी झोपतो, तू झोपतोस' ऐकवले असल्याचे मेहुणीने सांगितले. मी तिथे गेलो तेव्हा 'दुएर्मो, दुएर्मेस, दुएर्मे, दोर्मिमोस' ही रांग मी स्वतः पाहिली. एकही चूक नव्हती. मी शोधली होती.

"सोपं हाय, सर," ते मला समजावू लागले. "आमी अन् तुमी असलो का धातू सिधा रायते. एकटा माणूस आला का वाकडा चालते."

"आणि 'ते'? ते तर अनेक असतात," मी म्हणालो.

"ते परके. परक्यापुढं बी वाकडाच."

हे मला कुठल्याही पुस्तकात सापडले नव्हते, आणि म्हणूनच मी ते मनावर घेतले नाही.

पुढच्याच रविवारी ते आमच्याकडे होते. मी आठवडाभर घोकून एक वाक्य तयार केले होते: आईबाबांना इकडे यायचे आहे का? संस्कृतात 'करोमि'चे 'कुर्मः' होते आणि 'करोति'चे 'कुर्वन्ति'. एकवचनात धातू एका रूपात, अनेकवचनात दुसऱ्या. त्याच हिशेबाने मी 'केरेन' म्हणालो. मीरा खुदकन हसली. मागून साडू हलकेच म्हणाले, "किएरेन, सर." मीरेने टाळ्या वाजवल्या आणि 'आबुएलो अकोला' अशी हाक मारली. आबुएलो म्हणजे आजोबा. सख्खा आजोबा मी, आणि हाक अकोल्याला. फोन तापला असे सांगून मी उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. तहान नव्हती.

त्यानंतर मी जे केले ते सांगायला लाज वाटते. पुढच्या शनिवारी मी त्यांना फोन करून सांगितले की उद्या मुलगी बाहेरगावी जाणार आहे, कॉल होणार नाही. तिकडे फोन करून तिला त्रास देऊ नका. रविवारी मी एकटाच फोनसमोर बसलो. मीरेने आधी माझ्या मागे डोकावून पाहिले आणि विचारले, आबुएलो अकोला कुठे आहेत म्हणून. मला तिचा प्रश्न पूर्ण समजला, हे माझे पहिले यश. ते येऊ शकत नाहीत, असे मी 'पुएदे' अगदी बरोबर वापरून सांगितले. वाक्य बिनचूक होते आणि खोटे होते. ती "आह" म्हणाली आणि खेळायला निघून गेली. बायको शेजारी होती.

मंगळवारी मी अकोल्याची बस धरली. साडू एका मोटारीत तार भरत होते. मी उभ्याउभ्याच सगळे कबूल केले. त्यांनी हातातला फेरा पूर्ण केला, तार कापली, मग वर पाहिले.

"मले मालूम होतं. तुमच्या पोरीनं रविवारीच फोन केला होता, काहून नाई आले म्हणून."

"मग तिला काय सांगितलंत?"

"सांगतलं, आज सरांची पाळी हाय."

साडूंना मूलबाळ नाही. इतक्या वर्षांत त्यांनी हा विषय कधी काढला नाही, तेव्हाही काढला नाही. फक्त म्हणाले, "दुकानात दिवसभर मोटारीच बोलतेत, सर. पोरगी बोलली का बरं वाटते." आणि चहा सांगायला उठले.

त्या रविवारी मीच त्यांना आग्रहाने बोलावले. कॉल लागला तेव्हा ते मुद्दाम दाराजवळ, फोनमध्ये दिसणार नाहीत असे बसले. मीरा आली, आईच्या मांडीवर नीट बसली आणि एकेक शब्द जपून टाकत मला म्हणाली, "आबा, मले तुमी पायजे."

स्पॅनिशमध्ये हवे असणे आणि माया करणे याला 'केरेर' हे एकच क्रियापद आहे, हे मला तक्त्यातून माहीत होते. साडूंनी तिला ते मराठीत बसवून दिले होते. तेही 'मला' नव्हे, 'मले'. बत्तीस वर्षे मी पोरांचे 'मले' खोडून 'मला' केले. हे मात्र खोडावेसे वाटले नाही. साडू दाराशी बसून नखातली ग्रीस काढत होते, जणू त्यांचा काही संबंध नाही.

हेवा गेला असे म्हणणार नाही. आता त्यांना ऐकू कमी येते; मोटारींच्या आवाजाने कान गेले, असे डॉक्टर म्हणतात. मीरा पटापट बोलते, तिचे शब्द त्यांना नीट लागत नाहीत. मग मी शेजारी बसून तिचे प्रत्येक वाक्य त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणतो. ते डोळे मिटून ऐकतात, मान डोलावतात, आणि उत्तर देताना क्रियापद अजूनही माझ्या आधी शोधून काढतात. ती हसते ती त्यांच्या उत्तराला. मी मात्र ते हसू त्यांना ऐकवू शकत नाही. फक्त हातावर हात ठेवून सांगतो की ती हसली.