पहिला फोटो मावशींचा

दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचं काम असलं की संध्याकाळपर्यंत सांगण्यासारखं काहीतरी जमतंच. एरवी मी हे किस्से हसत सांगते. या आठवड्यात मात्र शुक्रवारी आमच्या मावशींचा बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय, आणि मला गप्प बसवत नाही. म्हणून सांगतेय.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करत फिरणारी आमची गाडी. सर म्हणजे दातांचे डॉक्टर, रिटायरमेंटला आलेले, गालात बोट फिरवून निदान करणारे. डॉक्टर निखिल, नुकताच पास झालेला. मी नर्स. आमच्या मदतनीस मावशी टॉर्च धरतात आणि बायकांना बोलतं करतात. त्यात भर म्हणून एआयचं ॲप. तोंडाच्या आतला फोटो काढला की ते हिरवा गोल दाखवतं नाहीतर लाल. लाल आला की पुढे पाठवायचं.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "माझ्या बोटाला चार्जिंग लागत नाही."

मी म्हटलं, "सर, अपडेटही येत नाही."

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं. पन्नाशीपुढच्या माणसांना नवं काही दिलं की ते हात लावण्याआधीच नावं ठेवतात.

*

बायका तोंड उघडायला लाजतात. म्हणून प्रत्येक पाड्यावर आधी मावशी स्वतः स्टुलावर बसतात, आ करतात, मी फोटो काढते, हिरवा येतो. मावशी स्क्रीन सगळ्यांना फिरवून दाखवतात. "बघ गो, काय नाय होत. नुस्ता फोटो." मग रांग लागते.

उंबरमाळीच्या बाजूला एकदा मावशींनंतर स्टुलावर बसलेल्या बायका ओळीने लाल. निखिलला घाम फुटला. सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "आख्ख्या पाड्याला एकदम झाला वाटतं?"

मावशींनी एकीचा ओठ खाली ओढून बघितलं. "मिशरी हाय ही. चुळा भरा गो सगळ्या."

चुळा भरल्या, जळक्या तंबाखूचा काळा थर गेला, पुन्हा फोटो काढले. बहुतेक हिरव्या. तेव्हापासून कुठेही लाल आलं की गाडीत एकच शब्द, "मिशरी." मीसुद्धा म्हणायचे. हसून म्हणायचे.

*

डोळखांबच्या वर रेंज नाही. फोटो काढून ठेवायचे, निकाल खाली उतरल्यावर येतात. एका बाईच्या गालात सरांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "काही नाही, दात टोचतोय." ती दुसऱ्या दिवशी वीटभट्टीवर निघणार होती, ती पावसाळ्यालाच परतणार.

उतारावर मोबाईल वाजायला लागला. हिरवा, हिरवा, हिरवा, आणि तिचा लाल. कुणीच "मिशरी" म्हणालं नाही, कारण ती मिशरी लावत नव्हती. मी सरांकडे बघितलं. भांडायची पूर्ण तयारी ठेवून.

सर ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी वळव."

तिची गाठ वेळेत सापडली. परतताना सर खिडकीबाहेर बघत होते. मी जिंकले होते, पण मोबाईल पिशवीत ठेवून दिला.

*

निखिलचं उलटं. तो आधी ॲप बघतो, मग तोंड. एकदा सरांनी निकालावर अंगठा ठेवला. "आता तू सांग."

निखिलने टॉर्च मारला, आत बघितलं, पुन्हा बघितलं. पेशंट आ करून बसलेला.

"सर, जरा अंगठा..."

"मोबाईल बंद पडला तर याला काय सांगशील? उद्या ये, चार्ज करून ठेवतो?"

मला हसू आलं. मग आठवलं, मीसुद्धा हल्ली आधी गोलच बघते.

*

म्हशाच्या जत्रेत आमचा तंबू बैलबाजाराला लागून होता. एक व्यापारी बैलाचा जबडा उघडून, दातांवर बोट फिरवून वय सांगत होता. सर खूश. मला हाक मारून म्हणाले, "बघ, मोबाईल आहे का याच्या हातात?"

व्यापाऱ्याने ऐकलं. "साहेब, बोट फसतं कवा कवा. म्हणून मी बघतो, मग माझा मेव्हणा बघतो. दोघांचं जुळलं तरच पैसं सोडतो."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर बैल नाय घेत."

सर म्हणाले, "आम्हाला ती सोय नाही."

*

गेल्या महिन्यात मुरबाडकडच्या एका पाड्यावर मावशी नेहमीसारख्या स्टुलावर बसल्या, आ केलं, मी फोटो काढला. लाल.

बायका हसल्या. मावशीही हसल्या. "सकाळी लावलेली गो मी."

"मिशरी," निखिल म्हणाला. "मिशरी," सर म्हणाले. मी मावशींना चूळ भरायला लावली. पुन्हा लाल. रांग मोठी होती, ऊन चढलं होतं, सर म्हणाले, "पुढे चला." आणि मी पुढे गेले. मी, जी या लोकांशी रोज भांडते.

पुढच्या पाड्यांवर मावशीच मला म्हणायला लागल्या, "आज माझा नको. तुजाच काढ."

तीन आठवड्यांनी आमच्या दवाखान्यात मी सरांच्या टेबलावर हात आपटला. "तुमचं बोट फक्त पेशंटसाठी आहे का?" सरांनी मावशींच्या गालात बोट घातलं. एका जागी ते थांबलं. सरांनी हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि बायोप्सीचा कागद लिहिला.

*

काल दुपारी मी गाडीत सामान लावत होते. दवाखान्यात सर आणि मावशी दोघंच. दारातून बघते तर सरांच्या हातात मोबाईल. आजवर त्यांनी ॲपवर स्वतः एकही फोटो काढला नव्हता.

मावशी आ करून बसलेल्या. सरांनी फोटो काढला. लाल. चूळ भरायला लावली. लाल. स्टूल खिडकीपाशी सरकवलं. लाल. टॉर्च जवळ नेला, लांब नेला, मान तिरकी करायला सांगितली. लाल. मी मोजायचं सोडून दिलं.

मग एक हिरवा आला.

सरांनी स्क्रीन मावशींसमोर धरला. "बघ. हिरवा आहे."

मावशींनी बघितलं. वर्षभर हाच गोल त्यांनी पाड्यापाड्यावर बायकांना दाखवला होता. त्यांनी सरांचा हात हळूच बाजूला केला.

"मोबाईल ऱ्हाऊ द्या, साहेब. तुमी बोट लावा आन् सांगा."

सरांनी ग्लोव्हज घातले. मग एकेक करून काढले.

"थांब," म्हणाले. "अजून एक फोटो काढू."