साइटचं घड्याळ

मी स्टुलावर चढलो होतो आणि हमीदभाईंनी खालून स्टूल धरलं होतं. नोव्हेंबरातला पहिला सोमवार. आमच्या ड्रॉइंग सेक्शनच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. एकाखाली कुणीतरी स्केचपेननं ‘आपलं’ लिहिलं होतं, दुसऱ्याखाली ‘साइट’. मी साइटचं घड्याळ एक तास मागं करत होतो.

“साहेब,” खालून आवाज आला, “पाटीलसाहेब या घड्याळाला कधी हात लावत नव्हते.”

“म्हणूनच पाटीलसाहेब रिटायर झाले,” मी म्हणालो आणि माझ्या विनोदावर मीच हसलो.

हमीदभाई हसले नाहीत. स्टूल मात्र घट्ट धरून राहिले. त्यांनी ते सोडलं असतं आणि मी तोंडावर आपटलो असतो, तर बरं झालं असतं. घड्याळही वाचलं असतं आणि बाकीचंही.

साइट म्हणजे कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातलं एक वीजकेंद्र. आमचं ऑफिस चिकलठाण्यात, आणि मी राहायला पुंडलिकनगरात. कॅनडा मी पाहिलेला नाही. फोटोवरून सांगतो. आमच्या वैजापूरकडचं रान सपाट आहे असं मला वाटायचं, पण त्या मुलखापुढं ते डोंगराळच म्हणायचं. वर गहू, खाली कोळसा. खाणीतून कोळसा काढायचा, शेजारच्याच केंद्रात जाळायचा, पाण्याची वाफ करायची, त्या वाफेनं टर्बाइन फिरवायचं. टर्बाइन म्हणजे एका लांब दांड्यावर बसवलेल्या पात्यांच्या चकत्या. तो दांडा जनरेटर फिरवतो आणि वीज तयार होते. तत्त्व सोपं आहे, पण पाइप हजारो असतात.

त्या पाइपांची ड्रॉइंग्ज आमच्याकडं. केंद्र जुनं, मूळ नकाशे कागदावरचे. तिथले लोक बदल करायचे, नकाशावर लाल पेननं खुणा करायचे आणि स्कॅन करून आम्हाला पाठवायचे. आम्ही त्या कॉम्प्युटरवर उतरवायचो. अशा नकाशाला ‘अॅज-बिल्ट’ म्हणतात. म्हणजे जे आहे, जसं आहे, तसं दाखवणारा नकाशा. काय असायला पाहिजे होतं, त्याला त्यात जागा नाही.

हमीदभाई अकरा वर्षं त्या केंद्राच्या तिसऱ्या युनिटचे अॅज-बिल्ट काढत होते. मूळचे सिल्लोडचे. वय रिटायरमेंटच्या पुढं गेलेलं, तरी दरवर्षी कंपनी त्यांचं काँट्रॅक्ट वाढवायची, कारण ते युनिट आमच्या ऑफिसात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. जेवायच्या सुट्टीत ते डोळे मिटून सांगायचे, “बॉयलरच्या मागनं निघायचं, जिना उतरायचा, उजवीकडं तेलाची टाकी, डोकं सांभाळायचं, वर पाइप आहे.” पाहिलेलं काहीच नव्हतं. सगळं काढून काढून पाठ.

मी त्या खात्यावर नवा. मे महिन्यात पाटीलसाहेबांच्या खुर्चीवर बसलो. त्याआधी टेक्ससचं एक काम केलं होतं, त्यामुळं अमेरिका खंडातलं सगळं मला कळतं असा माझा समज होता. टेक्ससमध्ये नोव्हेंबरात घड्याळं एक तास मागं जातात. मग कॅनडातही जातच असणार. इतका साधा हिशेब.

ऑक्टोबरात बातमी आली की तिसरं युनिट कायमचं बंद होणार. कोळशाची केंद्रं एकेक करून बंद करतायत. काम संपणार, म्हणजे हमीदभाईंचं काँट्रॅक्टही संपणार. हे त्यांना मी सांगायचं होतं. मी तीन दिवस चहा पाजत राहिलो. चौथ्या दिवशी तेच म्हणाले, “साहेब, मला कळलंय. तुम्ही चहा बंद करा, मला शुगर आहे.”

मग म्हणाले, “एक अर्ज आहे फक्त.”

“बोला.”

“ते युनिट चालू असताना एकदा बघायचं होतं. बघायचं म्हणजे ऐकायचंच जास्त.”

त्याचं कारण त्यांनी त्या दिवशी सांगितलं. पोलीस अॅक्शननंतर, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावर, काही वर्षं आपल्या शहरात डिझेलवर चालणारं एक छोटं पॉवर हाऊस होतं. हमीदभाईंचे वडील सिल्लोडहून येऊन तिथं ऑइलमन झाले होते. इंजिनाला तेल घालायचं आणि कान देऊन उभं राहायचं, हे त्यांचं काम. त्या इंजिनाचा आवाज घरापर्यंत यायचा. पुढं बाहेरून तारांवर वीज आली आणि इंजिनाची गरज संपली. ते बंद केलं तेव्हा हमीदभाई शाळेत होते. घरी आले तर अब्बा ओट्यावर बसलेले. म्हणाले, “सुना क्या?” आणि इंजिन थांबलेलं पोरानं तर ऐकलंच नव्हतं.

“एक चुकलं साहेब,” हमीदभाई म्हणाले. “हे तरी नाय चुकायला पाहिजे.”

मी कामाला लागलो. साइटवर वॉल्टर नावाचा एक जुना ऑपरेटर होता. लाल पेनच्या खुणा त्याच्याच असायच्या. दर गुरुवारच्या कॉलवर तो आणि हमीदभाई मोडक्या इंग्रजीत पाइपांवरून भांडायचे. दोघांची चांगली दोस्ती होती. वॉल्टरनं वरिष्ठांची परवानगी काढली आणि मला ई-मेल केला: ‘मंगळवार, आमचे सकाळचे आठ. अर्धा तास मी टर्बाइनजवळ फोन घेऊन उभा राहीन. साडेआठला ब्रेकर उघडतील.’ ब्रेकर म्हणजे भला मोठा स्विच. तो उघडला की युनिट ग्रिडपासून तुटतं. मग वाफ बंद.

हा मंगळवार म्हणजे मी स्टुलावर चढलो त्याचा दुसरा दिवस. मधे एकही कॉल नव्हता. असता तर माझी अक्कल तिथंच उघडी पडली असती.

मंगळवारी हमीदभाई नवा शर्ट घालून आले. संध्याकाळी सहालाच कॉन्फरन्स रूममध्ये मोठ्या स्क्रीनसमोर जाऊन बसले. समोर नकाशांची गुंडाळी. लॅपटॉप माझा होता. तो मी झाकून ठेवला होता. बॅटरी वाचवायला. चार्जर माझ्याच बॅगेत होता, हेही सांगून टाकतो. फोन सायलेंटवर टाकून त्याच्याशेजारी पालथा ठेवला होता. अशा वेळी व्यत्यय नको म्हणून.

साडेसातला हमीदभाईंनी दारातून भिंतीवरच्या घड्याळांकडं पाहिलं. साइटच्या घड्याळात सात वाजले होते.

“साहेब, एकदा लावून बघायचं का?”

“तासभर आहे अजून. वॉल्टर आत्ता घरी दाढी करत असेल.”

“व्हय. पण थंडीच्या दिवसांतही त्यांचा फोन याच टायमाला यायचा, असं वाटतं मला.”

इथं मी गप्प बसलो असतो तर माणूस म्हणून बरा निघालो असतो. पण मी त्यांना समजावून सांगितलं. टेबलावरचा पाण्याचा जग सूर्य केला, कॅनडा म्हणून डस्टर धरलं आणि त्याला जगाभोवती फिरवत उन्हाळ्यात घड्याळ पुढं का करतात, हिवाळ्यात मागं का, यावर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. हमीदभाई मान डोलवत ऐकत होते. मग मी त्यांना गेटवर चहाला नेलं. बिनसाखरेचा. परत येताना मी म्हणालो, “चला, वेळेवर पोचू.”

आठ पंचवीसला लॅपटॉप उघडला. मीटिंगची लिंक माझ्या नावावर होती. मी आत घेतल्याशिवाय पाहुण्याला आत येता येत नाही. स्क्रीनवर पाटी आली: वॉल्टर बाहेर थांबला आहे.

“बघा!” मी म्हणालो. “गडी आधीच येऊन बसलाय.”

मी बटण दाबलं. वॉल्टरचा चेहरा आला. हेल्मेट, आवाज अडवायचे कानांवरचे मफ गळ्यात उतरवलेले. त्याच्यामागं मोठा हॉल होता आणि हॉल शांत होता. मफ गळ्यात का आहेत, हे हमीदभाईंना माझ्याआधी कळलं. त्यांनी हातातली गुंडाळी टेबलावर ठेवली.

“कुठं होतात तुम्ही?” वॉल्टर म्हणाला. “मी आठपासून उभा आहे. तुझ्या फोनवर चार मेल टाकले.”

“पण आत्ता तर तुमचे आठ वाजतायत,” मी म्हणालो. “घड्याळं मागं गेली ना रविवारी?”

वॉल्टरनं मनगटावरचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरलं. मग म्हणाला, “आमच्याकडं नाही जात. आजूबाजूला सगळीकडं जातात. आमच्या प्रांतात घड्याळ बदलत नाहीत. धारेची वेळ बदलली हे गाईंना समजावता येत नाही, असं म्हणायचे आमचे म्हातारे.”

एरवी मी हसलो असतो.

तो अर्धा तास फोन उंच धरून उभा होता. त्याच्या स्क्रीनवर एकच ओळ होती, होस्ट तुम्हाला आत घेईपर्यंत थांबा. होस्ट म्हणजे मी. होस्ट आधी डस्टर फिरवत होता आणि मग गेटवर चहा पीत होता. आत घेतलंच नाही म्हणून रेकॉर्डिंगही नाही. वॉल्टरला वेगळा व्हिडिओ काढायचं सुचलं नाही, कारण त्याला वाटत होतं की आम्ही आत्ता येऊ, आत्ता येऊ.

मी हमीदभाईंकडं बघू शकत नव्हतो. तेच पुढं सरकले.

“वॉल्टरभाई, आता काय आहे ते दाखव. जे आहे ते.”

वॉल्टर टर्बाइनच्या टोकाशी गेला. तिथं दांड्याचा वीतभर भाग उघडा दिसत होता. तो फिरत होता. मिनिटाला दोन-तीन फेरे. त्यावर खडूची एक रेघ मारलेली होती, ती हळूहळू वर यायची आणि पलीकडं जायची. याला टर्निंग गिअर म्हणतात. टर्बाइन थांबलं तरी दांडा तापलेला असतो. तसाच सोडला तर स्वतःच्या वजनानं केसभर वाकतो आणि पुन्हा चालवता येत नाही. म्हणून तो निवेपर्यंत एक छोटी मोटर त्याला फिरवत ठेवते.

“पण आता तर कधीच चालवायचं नाय ना?” हमीदभाईंनी विचारलं. मी भाषांतर केलं.

“नाही,” वॉल्टर म्हणाला. “सवय आहे. आणि चांगली मशीन वाकडी करून जावं असं कुणाला वाटत नाही.”

हमीदभाई ऐकत होते. ऐकण्यासारखं होतं ते त्या छोट्या मोटरचं गुणगुणणं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि एकदम स्क्रीनजवळ गेले.

“साहेब, त्याला म्हणा, जरा डावीकडं घे. तो तेलाचा व्हॉल्व्ह.”

वॉल्टरनं फोन वळवला. लाल चाकाचा एक व्हॉल्व्ह, खिडकीच्या बाजूला. हमीदभाईंनी गुंडाळी सोडली, नकाशा पसरला, बोट ठेवलं. नकाशात व्हॉल्व्ह भिंतीच्या बाजूला होता.

“उलटा आहे,” ते म्हणाले. “अकरा वर्षं मी उलटा काढतोय.”

मूळ कागदावरच चुकलेलं होतं. ज्याला व्हॉल्व्ह फिरवायचा त्याला तो कुठं आहे हे माहीत होतं, त्यानं नकाशा कशाला बघावा? आणि ज्यानं नकाशा काढला त्यानं व्हॉल्व्ह कधी पाहिला नव्हता. वॉल्टर म्हणाला, “राहू दे रे, आता कोण बघणार?” हमीदभाई पेन्सिल काढून खूण करत होते.

वॉल्टरनं निरोप घेताना हेल्मेट काढलं. त्याचे केस पांढरे होते. हेही आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

गाडीत मी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं ना, घड्याळाचं?”

“वाटत होतं.”

“मग ठणकावून का नाही सांगितलं?”

“तुम्ही टेक्ससचं काम केलेलं माणूस. म्हटलं, नवा कायदा आला असंल तिकडं.” थोड्या वेळानं म्हणाले, “आणि तुम्ही जगाभोवती डस्टर इतकं मन लावून फिरवत होता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशा दुरुस्त केला. मी तो घेऊन आमच्या ऑफिसच्या हेड देसाई मॅडमकडं गेलो.

“जाधव, हा जॉब बंद झालाय.”

“हो मॅडम.”

“क्लायंटला हा नकाशा नकोय.”

“हो मॅडम.”

“मग कुणासाठी काढलाय?”

मी कालचं सगळं सांगितलं. जग आणि डस्टरसकट. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. “ठेवा सर्व्हरवर,” म्हणाल्या. “आणि ‘चेक्ड’मध्ये तुमचीच सही करा. मी करणार नाही.”

नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कितवी दुरुस्ती, कुणी काढली, कुणी तपासली आणि दुरुस्तीचं कारण. अकरा वर्षं कारणाच्या घरात हमीदभाईंनी एकच मजकूर लिहिला होता: ‘साइटच्या खुणेप्रमाणे.’ या वेळी तिथं इंग्रजीत दोनच शब्द होते. अॅज सीन. पाहिल्याप्रमाणे. ‘चेक्ड’च्या घरात मी सही केली. त्या आठवड्यात मी तपासायला हवी होती ती गोष्ट वेगळीच होती.

महिनाअखेरीस हमीदभाई सिल्लोडला गेले. आता मुलाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात. फोन केला की दुकानाबद्दल बोलतात, युनिटबद्दल नाही. मीही विषय काढत नाही.

सास्काचेवानमध्ये घड्याळं बदलत नाहीत. वर्षभर ती आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं असतात. हे मला आता तोंडपाठ आहे. तिकडचं एकही काम आता आमच्याकडं नाही.

हमीदभाई सिल्लोडला गेल्यावर साइटचं घड्याळ पूर्ववत करायला मी एकटाच वर चढलो. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, हे मला तेव्हा कळलं.