जेवणात न धरलेला पेला

आमच्या मोठ्या जाऊबाई लग्नाच्या पंगतीतही मोजून जेवत. दोन पोळ्या, एक वाटी वरण, एक वाटी भाजी, मूठभर भात. जिलबी आली की पानावर आडवा हात धरत आणि तो बराच वेळ तसाच ठेवत, कारण आमच्या नागपूरचे वाढपी एका नकारानं हलत नाहीत. "डॉक्टरनं लिहून देल्लं तेवढंच. त्याच्यावर एक घास नाही," हे त्यांचं वाक्य ऐकून ऐकून मला वैताग आला होता. साखरेचं दुखणं त्यांना एकट्यांनाच झालंय की काय, असं मी मनात म्हणायची.

महाल भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं. भाऊजी गेल्यावर ब्लाउज शिवून त्यांनी मुलाला, संदीपला शिकवलं. तो पुण्याला नोकरीला लागला तरी मशीन चालूच राहिलं. ब्लाउज घट्ट झाल्याची तक्रार घेऊन कोणी आलं, तर सरळ सांगत, "तुह्यं अंग वाढलं वं, मापाले काहून नावं ठेवतं?" खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. गिऱ्हाइकं रुसून जात आणि सणावाराला पुन्हा येत. मी तशी नाही. मी समोरचं माणूस बघून बोलते.

त्यांच्या माहेराहून, नरखेडकडच्या बागेतून, हंगामात संत्र्यांचं पोतं येई. घरात माणसं थोडी, फळं सडायची. तेव्हा मोबाईलवर बघून मी स्मूदी करायला शिकले. दोन संत्री, दोन केळी, पाच खजूर, दही, वरून मध. साखर चमचाभरही नाही, तेल नाही, म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश होते. ताकाचा मोठा स्टीलचा पेला भरून पहिल्यांदा मीच त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी विचारलं, "मले चालते काय वं हे?" मी म्हणाले, "अहो ताई, नुसती फळं आहेत. औषधच समजा."

आमच्याकडे जे चावलं ते जेवण. प्यायलेल्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, उपासाच्या दिवशी तर मुळीच नाही. जाऊबाईंच्या दोन पोळ्यांची अडीच कधी झाली नाही, पण सकाळी न्याहारीनंतर एक पेला आणि दुपारी जेवणावर एक, असं दीड वर्ष चाललं. संत्री संपली की मी चिकू घालायची, उन्हाळ्यात आंबा. "पोट नाही भरत त्यानं, नुसता जीव थंड होते," असं म्हणत त्या तो पेला रिकामा करत. मला फार बरं वाटायचं.

साखर मात्र वाढतच गेली. डॉक्टर विचारायचे, "काय खाता?" जाऊबाई खरं तेच सांगायच्या. गोळ्या वाढल्या, मग इन्सुलिन आलं. एकदा डॉक्टर हसून म्हणाले, "मावशी, लपून काहीतरी खाता तुम्ही." संदीपनं फोनवर आईला वाट्टेल ते सुनावलं. आणि मी, सांगायलाही लाज वाटते, त्यांच्या कपाटातले डबे उघडून पाहिले. त्या दारातच उभ्या होत्या. "पाहून घे नीट. काही सापडलं तर मलेही सांग," म्हणाल्या. डब्यांमध्ये हुक आणि बटणं होती.

शेवटी संदीप सुट्टी काढून आला आणि आम्ही तिघं सदर भागातल्या एका आहारतज्ज्ञ मुलीकडे गेलो. तिनं खाण्याचं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "दिवसभरात पिता काय?" जाऊबाईंनी पेल्यात काय काय असतं ते सांगितलं.

"एवढी फळं ताटात वाढली, तर जेवणावर खाल का?"

"छट्! कोण खाईन एवढं?"

"मग मिक्सरमधून काढल्यावर ती कमी होतात का?"

ती रागावली नाही. स्मूदी हवी तर न्याहारीच्या जागी घ्या, म्हणाली. लहान ग्लास, एकच फळ, दही, मूठभर पालक, मध-खजूर नाही. मग तिनं सहज विचारलं, "हे करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी मांडीवरची पर्स घट्ट धरली. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोणीच नाही. माह्याच मनानं केलं म्या," म्हणाल्या. मी पर्स उघडून फीचे पैसे मोजू लागले.

त्यानंतर त्यांनी तिचा शब्द न् शब्द पाळला. साखर उतरली. पण तोवर दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांत रक्त उतरलं होतं. लेझर झालं, डोळ्यात सुया झाल्या, नजर काही परत आली नाही. आधी सुई ओवायला मला हाक मारत, मग तेही सोडलं. एका गिऱ्हाइकाचं कापड त्यांनी न बेतताच परत दिलं. त्या दिवशी मी रडत म्हणाले, "ताई, मी संदीपला सगळं सांगते." त्या म्हणाल्या, "नको वं माय. या घरात येणं सोडून देईन तो. माह्यामागं तूच तं हायेस त्याले." मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याबद्दल मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

पुढची तीन वर्षं त्या अंधारात बसून होत्या. गेल्या वर्षी गेल्या.

वर्षश्राद्धाला संदीप आला होता. नातेवाइकांना सांगत होता, "आईचा जिभेवर ताबाच नव्हता. मनाला येईल ते केलं, कोणाला सांगितलं नाही, आणि स्वतःच्या हातानं डोळे घालवले." सगळ्यांनी माना हलवल्या. आयुष्यभर मोजून जेवलेल्या बाईबद्दल हे बोललं जात होतं आणि ते ऐकणारी मी तिथंच उभी होते. निघताना बॅग खाली ठेवून तो म्हणाला, "काकू, तुम्ही तरी तिला किती जपलंत." मग वाकून माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.