उचकी लागलेला कॅमेरा

थोरलीला घरात सगळे थोरलीच म्हणत. लग्नाच्या व्हिडिओंची काटछाट करणाऱ्या एका स्टुडिओत ती कामाला होती. आईचं कंबरेचं हाड मोडलं आणि नोकरी सुटली. धाकटा भाऊ परगावी. तू आहेस म्हणून मी निर्धास्त, असं तो फोनवर म्हणायचा. निर्धास्त माणसाचं काय, फोन ठेवला की झालं.

आतल्या खोलीत पलंगावर आई, बाहेर कॉम्प्युटर आणि मधे भिंत. आई हाक मारत नसे, काठीने भिंत ठोकायची. पाणी दे, उशी सरकव, पंखा वाढव, पंखा कमी कर. कधी नुसतंच, पोरगी आहे ना जागेवर, हे बघायला.

त्याच भिंतीला टेकून थोरली एका व्हिडिओ गेमच्या चाहत्या मंडळींसाठी त्या गेममध्येच फिल्म करायची. किल्ले, दऱ्या, सैनिक गेममध्ये तयारच असतात. आपण फक्त कॅमेरा फिरवायचा. वाटेवर पॉइंट टाकले की मधलं अंतर कॅमेरा आपणच तरंगत कापतो. तिचा कॅमेरा किल्ल्यातल्या अंधाऱ्या खोलीतून निघून, खिडकीबाहेर पडून, दरीवरून थेट समुद्रापर्यंत जायचा.

मंडळींच्या म्होरक्याला सगळे उस्ताद म्हणत. सकाळी त्याचा निरोप आला. शॉट देखणा आहे, पण कॅमेऱ्याला उचकी लागलीय. ती उचकी संध्याकाळपर्यंत थांबली तर फिल्मची सुरुवात याच शॉटने, नाहीतर दुसऱ्या कुणाचा घेऊ.

थोरलीने वाट उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. पॉइंटांची नुसती रांग, खिडकीपाशी तर खेटाखेट, आणि प्रत्येकापाशी कॅमेरा अडखळत होता. टाकले तिनेच होते. भिंत वाजली की उठावं लागे, आणि कॅमेरा तसाच सोडला तर तो परत आपल्या नेहमीच्या जागी, गेममधल्या सैनिकाच्या खांद्यावर जाऊन बसे. म्हणून जागा राखायला ती एक पॉइंट ठोकूनच आत जायची. आईची एकेक ठकठक शॉटमध्ये उतरली होती.

तिने सगळे पुसले. आता वाट एका बैठकीत आखणं भाग होतं. आईला जेवू घातलं, पाणी उशाशी ठेवलं, पंखा विचारून लावला आणि देवाचं नाव घेऊन ती बसली. खोलीत एक पॉइंट, खिडकीच्या चौकटीत एक. कॅमेरा बाहेर पडला, खाली दरी उघडली, आणि भिंत वाजली.

ती उठली नाही. पुन्हा ठकठक. पाय सवयीने जमिनीला लागले, बोट मात्र बटणावरच राहिलं. देवा, तेवढं समुद्रापर्यंत जाऊ दे. मग काठी थांबली. तरी समुद्राशी शेवटचा पॉइंट टाकून मगच ती धावली.

आई टक्क जागी होती. "कुठे गेली होतीस गं?"

"कुठे जाणार? इथेच तर होते."

संध्याकाळी उस्तादाचं उत्तर आलं. सुरुवात तिच्याच शॉटने. थोरलीला राहवेना, मोबाइल घेऊन ती पलंगाच्या कडेला बसली आणि आईला शॉट दाखवला. खोली, खिडकी, दरी, समुद्र. कुठे साधा हिसका नाही. आईने शेवटपर्यंत नीट पाहिलं.

"छान आहे. पण परत कधी येतो हा?"

"परत नाही येत, आई. तिथेच संपतं."

आईने कडेला पडलेली काठी चाचपून जवळ ओढली.

"पंखा जरा कमी कर," ती म्हणाली.