जायफळाची कॉफी

मुलुंडच्या एका शाळेत रत्नप्रभाताई तीस वर्षं शिपाई होत्या. निवृत्तीनंतर त्यांची एकच चैन होती, दुपारी चारला जायफळ घातलेली कॉफी आणि सोबतीला रेडिओवरची जुनी गाणी. तीन वर्षांपूर्वी तापात त्यांची वास घेण्याची शक्ती आणि जिभेची चव गेली.

"येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले होते, पण आली नाही. मग गाणीही सपक वाटू लागली. तरी त्या रोज कॉफी करत, गार होईपर्यंत कप हातात धरून बसत आणि मोरीत ओतून देत.

एका रविवारी लेक श्रुतिकाने महागडी कॉफी आणून स्वतः करून दिली.

"कशी झालीय गं आई?"

"झकास!"

तोंडात नुसतं कडकडीत पाणी होतं. श्रुतिका हरखली. आता ती दर रविवारी येते, आणि ताई तिच्यादेखत तो कप औषधासारखा संपवतात.